मार्फत अनसूबाई

बाई, सकाळी तू माझ्याशी भांडलीस आणि दुपारी मेलीस. असं कोणी करतं का? भांडण अर्धं टाकून उठायची तुला कधीच सवय नव्हती. शेवटचा शब्द तुझाच असायचा, मग तो दुसऱ्या दिवशी का बोलावा लागेना. आणि या खेपेला मी शेवटचं बोलून अंगणवाडीत निघून गेले, तू गप्प राहिलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय.

पोरांसाठी शिजवलेल्या खिचडीचा गंज चुलीवरून उतरवत होते. आपल्या वस्तीतली, टोलीतली कौसल्या धावत आली. "शकुनबाई, चाला लवकर. अनसूबाई उठून नाई राहिली."

मी म्हटलं, "झोपू दे. माह्यावर रागावली हाय थे."

कौसल्यानं माझं मनगट धरून ओढलं. तिच्या तोंडाकडे बघून माझ्या हातातला झारा पडला. मी आले तेव्हा तू सपरीत, दारापुढच्या छपराखाली, भिंतीला टेकून बसली होतीस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटांत अर्धी वळलेली बिडी. दोघं-तिघं येऊन, तुझा डोळा लागला समजून, आवाज न करता परत गेले होते म्हणे. मी तुला हलवलं. तुझ्या हातातली बिडी तेवढी सुटली. बाई, मी तुला शिव्या घातल्या. सगळ्या टोलीसमोर, मेलेल्या बहिणीला शिव्या. लोकांना वाटलं हिला वेड लागलं. मला अजूनही तसंच वाटतं.

आपल्या बाबांनी दोन सख्ख्या बहिणी एका घरात दिल्या. तू आधी आलीस, मग तुझ्या धाकट्या दिराला मला दिलं. माहेरात तू माझी बाई, इथं माझी जेठानी. बहिणी-बहिणी जावा झाल्या की घर फुटत नाही, असं बाबांचं गणित. घर फुटलं नाही हे खरं. पण मधल्या भिंतीच्या अल्याड-पल्याड राहून आपण रोज भांडलो, आणि गेली काही वर्षं तर फक्त टपालावरून भांडलो. पोस्टात नोकरी ना तुझी ना माझी, तरी.

सुरुवात कशी झाली ते आता कोणालाच नीट आठवत नाही. पोस्ट मोठ्या गावात, आपली टोली तलावाच्या पल्याड. मध्ये तलावाची पार, म्हणजे मातीचा उंच बांध. पावसाळ्यात पारीवरच्या चिखलात सायकल रुतायची. पार उतरलं की पहिलं घर तुझं. धानाचा रोवणा असो की कापणी, बाकी घरांना कुलपं. तुझी कंबर धरल्यापासून तुला बांधीत, धानाच्या शेतात, वाकता येईना, म्हणून तू दिवसभर सपरीत बिड्या वळत बसलेली. जुना पोस्टमन सायकल तुझ्या अंगणात लावायचा, साऱ्या टोलीचं टपाल तुझ्यापुढे ठेवायचा, पाणी प्यायचा आणि तिथूनच परत फिरायचा. मग लोकांनीच आपापल्या पत्त्यात तुला घालून टाकलं. आधार कार्डावर मार्फत अनसूबाई. बँकेत मार्फत अनसूबाई. सासरी गेलेल्या पोरींच्या राख्या मार्फत अनसूबाई. एकानं तर पोराच्या लग्नपत्रिकेत आपल्या नावाखाली तुझं नाव छापलं. पाहुणे आधी तुझ्याच दारात उतरले, आणि तू त्यांना चहा पाजून लग्नघरी धाडलंस.

मी म्हणायची, "तू का पोस्टमास्तरीण हायस व?"

तू म्हणायचीस, "पगार नाई घेत मी, मंजे मास्तरापेक्षा मोठी झाली."

साधं टपाल तू संध्याकाळी शेतातून परतणाऱ्यांना वाटायचीस. पण रजिस्ट्री आली की तुझी वेगळीच धावपळ. पोस्टमन नियमाचा पक्का, ज्याच्या नावाची त्याचीच सही घेणार. त्याला पाण्याचा दुसरा लोटा देऊन तू बसवायचीस, सूप बाजूला ठेवायचीस, आणि कमरेवर हात देऊन धुऱ्याधुऱ्यानं, शेतांमधल्या अरुंद वरंब्यांवरून, बांधीकडे निघायचीस त्या माणसाला बोलवायला. नव्हताच कोणी यायच्या बेतात तर पोस्टमनलाच घेऊन जायचीस. "रजिस्ट्री मंजे ज्याची त्याच्या हातात," हे वाक्य मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा वीट आला होता.

पण मी ते विसरले नाही, बाई. माझी अंगणवाडीची ऑर्डर रजिस्ट्रीनंच आली होती. तुझ्या दिराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी नोकरी करणं नको होतं. तो त्या दिवशी घरीच होता, तुझ्याच सपरीत बसला होता. म्हणाला, "आण इकडं, मी देतो तिले." तू म्हणालीस, "तुह्या नावाची हाय का?" आणि पोस्टमनला पुढे घालून त्या चिखलातून आलीस. मी परे, धानाची रोपं, रोवत होते. तू धुऱ्यावरून घसरलीस, गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलीस, पण पोस्टमनच्या पिशवीला हात देऊन ती वर धरलीस. मी पदराला हात पुसून सही केली. त्या सहीवर माझं अर्धं आयुष्य उभं राहिलं. तुला मी "बाई, बरं केलंस" एवढं एकदाही म्हटलं नाही. आपल्यात तशी बोलायची रीतच नव्हती. आता म्हणते, तर ऐकायला तू नाहीस. बरं केलंस, बाई. फार बरं केलंस.

मग ती बातमी आली. रजिस्ट्री आता वेगळी राहणार नाही, स्पीडपोस्टात मिळवून टाकली, दरही बदलले. तुझा विश्वास बसेना. ज्या पारीवरून तू दिवाळीलाही जात नव्हतीस, तिच्यावरून कमरेला पट्टा बांधून चालत पोस्टात गेलीस विचारायला. परत आलीस तेव्हा तुझा चेहरा कोणीतरी गेल्यासारखा होता.

"शकुन, रजिस्ट्री बंद झाली व."

"झाली तं झाली. स्पीडपोस्ट हाय ना. लवकर येते."

"लवकर येते, पर कोणाच्या हातात येते? पोस्टातली पोरगी मंते, पत्त्यावर जो घरी असंल त्याले देऊन टाकाचं. त्याच्याच हातात पाह्यजे असंल तं पाठवणाऱ्यानं तसं सांगाव, वरतून पैसे भराव."

मी हसले. म्हटलं, मग तर तुझं काम सोपं झालं. आता धुरे तुडवायला नको. आलं टपाल की तू घे आणि ठेव. तुला सारखं हेच तर हवं होतं.

"मले हे नोको होतं," तू म्हणालीस. "मी काहून कोणाची घेऊ? मी तं फक्त बलावून आणाची."

आणि तू तशीच वागलीस. नवा पोस्टमन आला, परप्रांतातला, चांगला माणूस. तुझ्या हातात पाकीट द्यायचा आणि तू त्याला थांबवून ज्याचं त्याला बोलवायला निघायचीस. तो हिंदीतून विनवायचा, "अम्मा, आप ही ले लो, चलता है." तू म्हणायचीस, "तुमचा चलता होगा, मेरा नाई चलता." मग मोबाईलवर कोड यायला लागले. काही पाकिटं अशी की फोनवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय मिळायची नाहीत. टोलीत रेंज फक्त तुझ्या सपरीच्या खांबाजवळ. लोकांनी पत्त्यात तुझं नाव घातलं होतंच, आता नंबरही तुझाच घातला. फोन वाजला की तू दचकायचीस, चष्मा शोधायचीस, आकडे पाटीवर लिहून ठेवायचीस. हे बघूनच त्या सकाळी माझं डोकं फिरलं.

"साऱ्या टोलीचे नंबर तुह्या बोकांडी काहून? सांग सगळ्यायले, आपापलं पाहून घ्या."

"मंग त्यायले रेंज तू देशील का?"

"तुही कंबर पाह्य. रात्रभर कण्हून राहते तू, मले भिंतीतून ऐकू येते."

"तं नोको आयकू."

"आता नियम बदलले, बाई. आता तुही गरज नाई कोणाले."

हे मी म्हटलं. तू तेंदूपत्ता माझ्यावर रोखला होतास तो खाली घेतलास, आणि काही बोलली नाहीस. मी चप्पल घालून निघाले. एवढंच झालं. माझं ते बोलणं साफ खोटं होतं. त्याच्यानंतर जे झालं त्यानं ते असं काही दाखवलं की मी अजून सावरले नाही. तेच तुला सांगायचं आहे, कारण तुझ्यामागे काय घडलं ते तुला कळल्याशिवाय तू शांत बसणार नाहीस.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. आम्ही बायका आत होतो. सपरीत तुझ्याच जागेवर भाऊजी बसले होते, तुझा नवरा. तुझं सूप मांडीवर घेऊन, त्यातली तंबाखू नुसती इकडून तिकडे करत. पोस्टमननं पाकीट दाखवलं. ते कौसल्याचं होतं. तिला झटके येतात, तिची पोरगी वैशाली हैदराबादला दवाखान्यात कामाला आहे, ती तिकडून गोळ्या धाडते. वर नाव कौसल्याचं, खाली मार्फत अनसूबाई. हातानं लिहिलेलं मराठी त्याला नीट लागत नाही, आणि टोलीतली नावं अजून त्याच्या ओळखीची नाहीत. त्यानं विचारलं, "ये किसका है? कहाँ मिलेंगी?"

भाऊजींनी पाकिटाकडे पाहिलंही नाही. त्यांच्या लेखी या सपरीत आलेलं प्रत्येक पाकीट तुझं. "गेली थे," ते म्हणाले.

"गयी मतलब?"

"वारली. काल वारली."

त्यानं हात जोडले. मग त्याचं काम केलं. मोबाईलमध्ये नोंद केली, पाकिटावर लिहिलं आणि परत घेऊन गेला. त्याचा काय दोष? त्यानं घरातल्या माणसाला विचारलं, घरातल्या माणसानं रडत सांगितलं. भाऊजींचा तरी काय दोष?

तिकडे हैदराबादला वैशालीच्या फोनवर निरोप गेला. पाकीट परत येत आहे. कारण, ज्याच्या नावाचं ते मयत.

तिनं लगेच फोन लावला. कोणाला? तुलाच. मायशी बोलायचं तर ती तुझ्याच नंबरवर बोलायची. तुझा फोन तेव्हा सपरीत चटईखाली पडला होता, चार्जिंग संपून बंद. ती लावत राहिली. शेवटी लाखनीला हायवेवर तिच्या आतेभावाचं टायरचं दुकान आहे, त्याला लावला. बाहेर ट्रकांचा आवाज. तिनं रडत एवढंच विचारलं, "दादा, खरं हाय का?" त्याला वाटलं, तू गेल्याची खबर तिच्यापर्यंत पोचली. आपल्याकडे मेल्या माणसाचं नाव कोण घेतं? तो म्हणाला, "हो वं, खरं हाय. बसल्या बसल्याच गेली. तरास नाई झाला. तू निघ."

ती निघाली.

तिसऱ्या दिवशी, ती पोचली तेव्हा, आम्ही कारध्याहून नुकते परतलो होतो. वैनगंगेत तुझी राख सोडून आलो होतो. कौसल्या आदल्या दिवसापासून तुझ्याच घरी राबत होती. अंगणात चूल मांडून सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तीच तापवत होती. तेवढ्यात पारीवरून रडण्याचा आवाज आला. वैशाली पिशवी टाकून धावत येत होती. तुझ्या दारात माणसं, डोकी भादरलेली पुरुषमंडळी, भिंतीला टेकलेल्या बायका. तिला जे वाटलं होतं ते सगळं समोर होतं. ती "माय व, माही माय" करत अंगणात शिरली.

कौसल्याला वाटलं, पोरगी अनसूबाईसाठी रडत आली. तुझ्या मांडीवर खेळलेली पोरगी ती. कौसल्यालाही हुंदका आला. तिनं हातातलं जळतं लाकूड चुलीत टाकलं, आणि हात पसरून लेकीकडे धावली.

बाई, मी माझ्या आयुष्यात असं तोंड पाहिलं नाही. त्या पोरीनं आपल्या मेलेल्या मायला धूर झटकत अंगावर येताना पाहिलं. ती एक पाऊल मागे सरली आणि तिथंच खाली बसली. मायनं तिला कवटाळलं तर ती तिला ढकलायला लागली, मग तिचे हात चाचपायला लागली, मग तिच्या तोंडावरून हात फिरवायला लागली. कोणाला काही कळेना. भाऊजी तर उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. शेवटी वैशालीनं फोन काढून माझ्यापुढे धरला. मी तो निरोप वाचला आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"तू मेली नाईस?" ती मायला विचारत होती.

"मी कायले मरू व? आपली अनसूबाई गेली."

मग वैशाली दुसऱ्यांदा रडली. ते रडणं तुझ्यासाठी होतं.

पाणी पाजल्यावर ती म्हणाली ते ऐक. तिकडे पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईनं तिला विचारलं होतं, मायच्याच हातात द्यायचं का, फोनवर कोड पाहिजे का, वरचे पैसे लागतील. "मी नाई म्हटलं, काकू. म्हटलं, कशाले? तिथंसा अनसूबाई हाय ना."

बाई, नियम बदलून तुझी गरज संपली असं मी तुला तोंडावर सांगितलं होतं. आणि तिकडे दुसऱ्या राज्यात एक पोरगी तुझ्या भरवशावर नियमाला नको म्हणत होती.

कौसल्यानं विचारलं, "माह्या गोळ्या?" पोरीनं तोंड झाकून घेतलं. मेलेल्या मायसाठी गोळ्या कोण आणतं? पाकीट परतीच्या वाटेवर, कौसल्याजवळची पुडी संपत आलेली, आणि कापणी तोंडावर. तिला मागे एकदा झटका आला होता तो पारीवरच, तलावाच्या काठाला, हे तुला ठाऊक आहे. तूच तिला ओढून वर आणलं होतंस. मी दुसऱ्याच दिवशी वैशालीला घेऊन भंडाऱ्याला गेले. दवाखान्यात रांगेत उभं राहून, भांडून, थोड्या गोळ्या आणल्या. तेवढ्यावर तिला सांभाळलं. वैशाली परत गेली. तिथून म्हणाली, पुढच्या आठवड्यात पाकीट टाकते.

तुझा फोन मी चार्ज केला. तो सुरू झाल्याबरोबर वाजतच राहिला. कोणाचा कोड, कोणाचं पार्सल, कोणाचं एटीएम. मी खांबाजवळ उभी राहून ते आकडे वाचत होते आणि मला तुझा भयंकर राग आला होता. एवढं सगळं एकटीनं अंगावर घेतलंस. आणि मला शिकवलं नाहीस.

टोलीतल्या लोकांना मी सांगितलं, पत्ते बदला, त्या नावानं टपाल आलं तर परत जाईल, पाहिलंत ना काय झालं ते. लोक माना डोलावतात. कोणी बदलत नाही. एक म्हातारा म्हणाला, "बदलून कोणतं नाव लिहाव?" मी तिथून चालू लागले. मला तुझी जागा नको होती, बाई. ती जागा भरली की तू गेलीस हे पक्कं होणार होतं.

आज पोस्टमन आला. मी सुट्टी घेऊन भाऊजींच्या जेवणाचं बघत होते. त्यानं यावेळी अंगणाबाहेरच उभं राहून, घाबरत, पाकीट पुढं केलं. वैशालीचं अक्षर. कौसल्याचं नाव. त्याखाली मार्फत, आणि त्यापुढे माझं नाव. शकुनबाई.

मला न विचारता लिहून टाकलं पोरीनं. मी ते वाचलं आणि सपरीत मटकन बसले. कारध्याला रडले नव्हते, तुझ्या सरणापाशी रडले नव्हते, सगळ्यांनी त्याची चर्चाही केली. त्या पाकिटावर मात्र मी तोंडात पदर कोंबून रडले. तो बिचारा पोस्टमन म्हणाला, "अम्मा, इस बार भी कोई..." मी मान हलवली. म्हटलं, नाही, या वेळी सगळे जिवंत आहेत.

तो म्हणाला, आप ही ले लो, चलता है.

पाकीट मी घेऊन ठेवू शकत होते. कौसल्या संध्याकाळी आली असती. पण गोळी दुपारची होती, आणि ती बांधीत विळा घेऊन एकटी होती. मी भाऊजींना म्हटलं, भात वाढून घ्या. आणि पाकीट घेऊन धुऱ्यावर निघाले. धान पिवळं झालंय, बाई. धुरे अरुंद आहेत, तू कमरेवर हात देऊन कशी चालत होतीस कोण जाणे. माझीही कंबर भरून आली. मी नकळत तिच्यावर हात ठेवला.

लांबून कौसल्यानं मान वर केली. उन्हाला डोळ्यांवर हात धरून तिनं धुऱ्यावर येणाऱ्या बाईकडे पाहिलं, आणि सवयीनं हाक मारली, "अनसूबाईऽ, कोणाचं आलं?"

तिची तिलाच कळली चूक, आणि ती विळा घेऊन तशीच थिजली.

मी ओ दिली.